थोरल्याच्या तोंडी बसेल असे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

घरात दुसरे बाळ येणार म्हटले की नावाचा शोध सुरू होतो. आत्याचा मान मोठा, म्हणून तिचे मत आधी घेतले जाते, आजी-आजोबांची आवड पाहिली जाते, गुरुजींकडून नक्षत्राप्रमाणे आद्याक्षर काढून आणले जाते आणि आईवडील रात्री मोबाइलवर नावांच्या याद्या चाळत बसतात. या सगळ्या सल्लामसलतीत घरातले एक माणूस हमखास राहून जाते, ते म्हणजे दोन-अडीच वर्षांचे थोरले अपत्य. वास्तविक पुढची काही वर्षे ते नाव दिवसभर, घरभर आणि सर्वांत मोठ्या आवाजात तेच घेणार असते. आज मी त्याची बाजू मांडणार आहे.

या वयाच्या मुलाची जीभ सगळे ध्वनी एकदम शिकत नाही. प, ब, म हे ओठांवरचे ध्वनी त्याला लवकर साधतात, कारण बोलणाऱ्याचे ओठ मिटताना आणि उघडताना त्याला दिसतात. त, द, न हेही फारसे जड जात नाहीत. क आणि ग यांना जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, म्हणून पुष्कळ मुले काही काळ त्यांच्या जागी त आणि द म्हणतात आणि घरातला काका ‘ताता’ होतो. स, श आणि च यांची सरमिसळ बराच काळ चालते. सर्वांत शेवटी येतात ते जीभ थरथरवून काढायचा र, जीभ मागे वळवून काढायचा ळ आणि जोडाक्षरे. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे हे सारे सुधारते, काहींचा र त्यानंतरही थोडा रेंगाळतो. नाव लांब असेल तर मूल त्यातला एखादा तुकडा गाळून टाकते, आणि गाळताना आपल्याला विचारत नाही. गंमत अशी, की आपण त्याच्यासमोर कौतुकाने ज्याला ‘बाळ’ म्हणतो, त्या शब्दातच ळ आहे.

मंगळवार पेठेतल्या एका घरात हे मी जवळून पाहिले. मुलगी अजून तीन वर्षांची झाली नव्हती, पाळण्यात तिचा भाऊ होता आणि बारसे दोन दिवसांवर आले होते. वडिलांनी तिला मांडीवर घेतले आणि निवडलेली नावे तिच्याकडून एकेक करून म्हणवून घेतली. क्षितिजचे ‘तितिज’ झाले, अद्वैतचे ‘अद्दैत’ झाले, आणि वडिलांच्या मनात सर्वांत भरलेल्या ओंकारचे ‘ओंताल’ झाले. अनय हे नाव मात्र तिने पहिल्याच फटक्यात स्वच्छ म्हटले आणि लगेच विचारले, “अनय कुथं हाय?” आजीने तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. वडील काही केल्या ओंकार सोडायला तयार नव्हते. शेवटी मुलीच्या आईने तिला ‘ओम’ म्हणायला सांगितले, ते तिला जमले, आणि दाखल्यावर ओंकार व घरात ओम असे ठरले. मला हा निर्णय अनयपेक्षाही शहाणपणाचा वाटला.

कारण असे, की थोरल्याला नाव बिनचूक उच्चारता आलेच पाहिजे, असा हट्ट मी धरणार नाही. त्याची जीभ दोन-तीन वर्षांत वळेल, नाव मात्र धाकट्याला जन्मभर वागवायचे आहे. म्हणून केवळ र किंवा क्ष आहे एवढ्यासाठी मनातले चांगले नाव टाकून देणे मला पटत नाही. पाहायचे ते एवढेच, की थोरल्याच्या तोंडून जे बाहेर पडते ते ऐकायला आपल्याला बरे वाटते का, कारण तेच घरात चिकटण्याचा संभव मोठा असतो. दोन वर्षांच्या मुलाचा अपभ्रंश आधी आई हौसेने उचलते, मग शेजारी उचलतात आणि मूल शाळेत जायच्या वयाचे होईपर्यंत तेच त्याचे नाव होऊन बसते. अपभ्रंश गोड असेल तर प्रश्नच नाही. त्यातून एखादा चमत्कारिक किंवा चारचौघांत लाजवणारा शब्द तयार होत असेल, तर तो बारशाआधी कळलेला बरा.

कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडच्या घराघरांतली वडीलधाऱ्यांची नावे आठवून पाहा: आक्का, आण्णा, आबा, तात्या, बापू, नाना. यांत ना र आहे, ना श, ना क्ष. एकत्र कुटुंबात लहान मुलांच्या तोंडात जे बसले तेच वडीलधाऱ्यांनी मान्य केले, असे मला तरी वाटते. पुढे त्यालाच साहेब जोडून आबासाहेब, बापूसाहेब झाले आणि ती नावे मानाने मिरवली गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांनाही सारे अक्कासाहेब म्हणूनच ओळखत. पुढे गल्लीतले मित्र अमोलचा अम्या आणि प्रसादचा पश्या करणारच आहेत, त्याला कोणाचाच इलाज नाही. पण त्याच्या आधी भावंडाने दिलेले नाव घरात रुळलेले असते.

आता परंपरेचा मुद्दा. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून एकशे आठ आद्याक्षरे ठरलेली आहेत. त्यांत आर्द्रेच्या वाट्याला ङ, हस्ताच्या वाट्याला ण आणि उत्तरा भाद्रपदेच्या वाट्याला ञ येतो. या अक्षरांवरून आजवर कोणी नाव ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही; तिथे गुरुजी स्वतःच पर्याय सुचवतात. म्हणजे उच्चाराच्या सोयीसाठी सवलत देण्याची पद्धत शास्त्राच्या व्यवहारात आधीपासून आहेच. शिवाय नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम वेगळे ठेवण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे पत्रिकेतले अक्षर पत्रिकेत ठेवून हाक मारायला दुसरे नाव घेण्यात काही मोडत नाही. घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या गृह्यसूत्रांत मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, घोष म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या घुमणाऱ्या व्यंजनाने सुरू व्हावे आणि त्याच्या मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे अक्षर असावे, असे सांगितले आहे. अक्षरांची मर्यादा उत्तमच आहे, पण मध्ये र घालताना सूत्रकारांनी थोरल्या भावंडाचा विचार केलेला दिसत नाही.

भावंडांची नावे एकसारखी ठेवण्याच्या हौसेबद्दलही बोलले पाहिजे. आरव आणि आरुष, स्वरा आणि स्वरांगी अशा जोड्या निमंत्रणपत्रिकेवर शोभून दिसतात. स्वयंपाकघरातून हाक मारली की मात्र दोघेही येतात किंवा कोणीच येत नाही, आणि थोरल्याला आपलेच नाव दुसऱ्याला दिले गेल्यासारखे वाटते. पहिले अक्षर तरी वेगळे असू द्यावे.

थोरल्याला विचारताना ‘बाळाचे नाव काय ठेवूया’ असे मोकळे विचारू नये. तो टीव्हीवरच्या कार्टूनचे नाव सांगेल आणि ते नाकारले की रुसेल. आपल्याला चालणारी दोन-तीन नावे निवडावीत आणि काही दिवस ती बोलण्यात सहज पेरावीत. समोर बसवून म्हणायला लावल्यापेक्षा खेळता खेळता त्याच्या तोंडून जे निघते, ते खरे मानावे. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, तेव्हा त्यालाही पाळण्याजवळ उभे करावे आणि घुगऱ्या वाटायला त्याच्या हाती वाटी द्यावी.

नाव ठेवून झाल्यावर त्याचा उच्चार चुकला, तर त्याला थांबवून पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊ नये आणि त्याची नक्कल तर मुळीच करू नये. तो ‘ओंताल ललतोय’ म्हणाला, तर आपण “हो, ओंकार रडतोय, चल बघूया” एवढे स्पष्ट म्हणावे. तेवढे त्याच्या कानाला पुरते. तीन वर्षांचे मूल जे बोलते त्यातले बरेचसे परक्या माणसालाही कळायला हवे. तसे नसेल, तर नावाचा विचार बाजूला ठेवून आधी त्याची श्रवणचाचणी करावी आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावे.

राहता राहिली घाई. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, परंतु त्या नोंदीत बाळाचे नाव असलेच पाहिजे असे नाही. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क दाखल करता येते आणि त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. तेव्हा बाराव्या दिवशी पाळणा जरूर हलवावा, पण महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नावाचा अर्ज देण्यापूर्वी ते नाव थोरल्याच्या तोंडात महिनाभर घोळू द्यावे.

नमस्कार.