नाकाची रेघ

समोर बसलेल्या बऱ्याच पोरापोरींच्या नखांत रंग दिसतोय, म्हणून सरळ कामाचंच बोलतो.

ऑइलमध्ये पोर्ट्रेट शिकायचं असेल, तर एका जुन्या उस्तादाचं एकच चित्र धरा आणि त्याची नक्कल करा. नक्कल म्हटलं की आपल्याकडं नाकं मुरडतात. गाण्यात मात्र बंदिश गळ्यावर चढल्याशिवाय गुरू पुढं सोडत नाही.

मी सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हरमीर याचं 'मोत्याचं डूल घातलेली मुलगी' हे चित्र निवडलं. साधारण १६६५ सालचं हे चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. माप ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, म्हणजे मूळ आकारातच करता येतं.

पहिली नक्कल फसली. ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, आखून पेन्सिलीनं नाक रेखलं, मग त्या रेघेला धरून रंग भरले. चेहरा कापून चिकटवल्यासारखा झाला. कारण सापडेना. एके सकाळी प्रिंट उलटी टांगली, तेव्हा कळलं की तिथं रेघच नाही! नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल एकाच उजेडात आहेत, रंग एकमेकांत मिसळलेत. नाक आपलं आपण पुरं करतो. मी बघत नव्हतो, मला माहीत असलेलं नाक काढत होतो.

दुसऱ्या वेळी वरचं रूप सोडलं आणि व्हरमीरनं ज्या क्रमानं रंगवलं, तो क्रम धरला. २०१८ साली या चित्राची शास्त्रीय तपासणी झाली. रंगांच्या खाली तपकिरी-काळ्या छटांचा थर सापडला. मागची काळोखी पार्श्वभूमी तर मुळात पारदर्शक हिरवा पडदा होती, रंग उडाल्यानं ती तशी दिसते. ट्यूबमधला काळा फासला, तर नक्कल होते ती चित्राच्या वयाची.

म्हणून आधी बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडं लावा आणि उजेडाच्या जागा फडक्यानं पुसून काढा. नुसत्या तपकिरीत चेहरा उभा राहिला पाहिजे. नाही राहिला, तर वर कितीही गुलाबी लावा, उपयोग नाही. अंबर लवकर वाळतो, तरी आपल्या पावसाळ्यात घाई नको. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलटं केलं तर तडे जातात. व्हरमीरनं शिशाचा पांढरा वापरला, तो विषारी. आपण टायटॅनियम घ्यायचा, पण तो जोरकस असतो, बेतानं.

आणि मोती? वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचं मऊ प्रतिबिंब. झालं. कानाला अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही.

प्रिंटमध्ये रंगाची जाडी कळत नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जा. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची मूळ चित्रं तिथं आहेत. शिकायला लागल्यावर ती बघायची राहिली असतील, तर मला खरंच वाईट वाटेल.

तिसऱ्या नकलेनंतर आईला खिडकीपाशी बसवलं. कानात तिच्या सात मोत्यांच्या कुड्या. उजेड दोनच मोत्यांवर होता, तेवढेच रंगवले, बाकीचे गालाच्या सावलीत सोडून दिले. आईनं चष्मा लावून जवळून पाहिलं, मग चार पावलं मागं सरकली.

"सातीच्या साती दिसत्यात की रे," म्हणाली.