तेल कुठे, ग्रीस कुठे

(दृश्य: रायफलचा बोल्ट, अगदी जवळून)

या बोल्टकडे, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या भागाकडे, नीट बघा. सगळा काळा, पण दोन-तीन जागी आतलं पोलाद चकाकतंय. धातूवर धातू जोरात घासतो तो इथे, म्हणून मुलामा उडालाय. खरं वंगण हवं ते या जागांना. बाकी अंगावर गंज धरू नये इतपत तेलाचा हात फिरवला की पुरे.

आता तेल की ग्रीस? मुळात ग्रीस म्हणजेही तेलच, लिथियमसारख्या धातूच्या साबणाने घट्ट केलेलं. तेल बारीक फटीत आपसूक शिरतं, पण ओघळूनही जातं. ग्रीस लावाल तिथे टिकतं.

(दृश्य: एम1 गॅरंड रायफल)

ही एम1 गॅरंड, अमेरिकी लष्कराने 1936 मध्ये स्वीकारलेली. दुसऱ्या महायुद्धात मुसळधार पावसात हिचं तेल धुऊन जायचं. बोल्टला फिरवणारी खाच कोरडी पडायची आणि बोल्ट अडकायचा. मग ग्रीस आलं. सैनिकाला त्याची चिमुकली डबी मिळू लागली, रायफलच्या दस्त्यातच मावणारी.

त्याच युद्धात रशियाच्या आघाडीवर नेमकं उलट झालं. 1941 च्या हिवाळ्यात जर्मन शस्त्रांमधलं वंगण थंडीने थिजलं आणि बंदुका चालेनात. अशा थंडीत पातळ तेल, तेही जेमतेम. धुळीच्या मुलखातही हात आखडताच हवा. ग्रीसमध्ये वाळू अडकली की त्याचा पॉलिश पेपर होतो.

म्हणूनच एकच वंगण सगळीकडे चोपडणं मला पटत नाही. आधी मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. मग पिस्तुलाच्या स्लाइडच्या (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) खाचांना, बोल्टच्या दातांना ग्रीसचा पातळ थर द्या. ट्रिगर, हॅमर यांच्या पिनांना तेलाचा एखादा थेंब.

(दृश्य: फायरिंग पिन)

फायरिंग पिन म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी सुई. तिच्या पोकळीत मात्र ग्रीस कधीच नको. त्यात काजळी मिसळून ते घट्ट झालं, की ठोका हलका पडतो आणि गोळी सुटतच नाही. तेल जास्त झालं तर तेही झिरपून प्रायमरपर्यंत, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत, पोचू शकतं.

चेंबर आणि नळीला साठवणीच्या वेळी तेल जरूर लावा, पण गोळी झाडण्याआधी ते कोरडं पुसून काढा. काडतुसाचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं. तिथे तेल राहिलं तर पितळ घसरतं आणि मागच्या धक्क्याचा जास्त भार बोल्टवर येतो.