शिवणीतली माया

श्रोतेहो, नमस्कार.

शिवणकामात एक शब्द आहे, माया. फ्रॉक शिवताना कापड अगदी मापाबरोबर कापायचं नाही, शिवणीच्या आतल्या बाजूला थोडं जास्तीचं सोडायचं. पोर वाढलं की शिवण उसवायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. आत दडवलेल्या त्या कापडाला म्हणायचं माया. पुण्यात नाना पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे खिडकीशी बसून माझी आई पायमशीनवर शेजारपाजारचे कपडे शिवायची. "ताई, माया किती सोडू?" हे तिचं गिऱ्हाइकाला पहिलं विचारणं. वडील खडकीच्या फॅक्टरीत, पाळीवर. घरात आम्ही भावंडं आणि मशीनची घरघर.

आज मला आईपणाविषयी बोलायचं आहे, आणि तेही एका ख्रिस्ती घरातली बाई म्हणून. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाचारण हा शब्द फार मोलाचा. देवानं एखाद्याला नावानं हाक मारून कामाला लावणं, ते पाचारण. अमक्याला पाळक व्हायचं पाचारण झालं, तमकीला परिचारिकेच्या सेवेचं पाचारण झालं, असं आम्ही सहज म्हणतो. पण पहाटे उठून तापलेल्या पोराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणाऱ्या बाईला पाचारण झालं आहे, असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिच्या वाट्याला वर्षातून एका रविवारी, मातृदिनाला, गुलाबाचं फूल येतं. मला ते फूल पुरेसं वाटत नाही.

आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हन्ना नावाची एक आई आहे. मूल नाही म्हणून टोमणे खाल्लेली. मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करते, नुसते ओठ हलतात, तर एली याजकाला वाटतं बाई दारू प्यालेली आहे. पुढे तिला शमुवेल होतो. दूध तोडल्यावर ती त्याला शिलोला परमेश्वराच्या मंदिरात नेऊन सोडते, कारण नवसच तसा केलेला. इथपर्यंतची गोष्ट संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. मला मात्र तिच्या पुढची एक ओळ सोडत नाही. दरवर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर वर जाताना हन्ना शमुवेलासाठी एक छोटा झगा करून न्यायची, एवढीच ती ओळ.

शिवणारणीच्या मुलीला ही ओळ वाचताना पहिला प्रश्न पडतो तो मापाचा. वर्षभर मूल डोळ्यांसमोर नाही. हात किती लांबले, खांदे किती भरले, कसं कळणार? गावातल्या शमुवेलाच्या वयाच्या पोरांना ती उभं करून बघत असेल का? पोरगा वितीने वाढला असेल की दोन बोटं, हा हिशेब करत रात्री दिव्याशी बसत असेल का? बायबल काही सांगत नाही. मला एवढं कळतं की तिनं त्या झग्यात माया सोडली असणार. मूल देवाचं, मंदिर देवाचं, पण झगा आईनंच करायचा होता.

आईपण हे पाचारण आहे असं मी म्हणते ते या अर्थानं. मूल आपलं नाही. ते सांभाळायला दिलेलं आहे. मोशेच्या गोष्टीत तर हे चक्क व्यवहाराच्या भाषेत येतं. लव्हाळ्यातल्या पेटाऱ्यात सापडलेलं तान्हं बाळ मिसरच्या राजाची, फारोची, मुलगी त्याच्याच आईच्या हाती देते आणि म्हणते, याला ने, माझ्यासाठी दूध पाज, मी तुला वेतन देईन. बाळ पोटचं, आणि मांडीवर घेताना मात्र दुसऱ्याच्या वतीनं. मला वाटतं बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रत्येक आईच्या कानात देव हेच वाक्य बोलतो.

मग हे काम दिसतं कसं? माझ्या आईचं सांगते. तिची नजर लवकर अधू झाली, त्यामुळे सुईत दोरा ओवायचं काम आम्हा मुलांचं. तिचा नियम असा की दोरा ओवायच्या आधी एक वचन म्हणायचं. एकशे एकविसावं स्तोत्र मी असंच शिकले, एका सुईला एक ओवी. चुकलं तर दोरा बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. जीभ वचनात आणि डोळे नेढ्यात. आज वयाच्या सत्तरीतही सुई हातात घेतली की ओठ आपोआप हलायला लागतात. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा आहे की ही वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असता, वाटेनं चालता, निजता, उठता. आईनं त्यात सुई ओवता एवढं घातलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही आज्ञा एकट्या आईला दिलेली नाही, बापालाही आहे. आणि पाचारण या शब्दाचा दोर करून बाईला चुलीला बांधणं हे मला मुळीच मान्य नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली गृहिणी शेत पारखून विकत घेते, स्वकमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते. आज हिंजवडीहून रात्री नऊला घरी येऊन, चपला काढता काढता लेकराचा दिवस कसा गेला ते विचारणारी आमच्या मंडळीतली मुलगी तिचीच लेक आहे. तिला अपराधी वाटायला लावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

आता थोडं अवघड. माझा मुलगा परगावी नोकरीला गेला आणि उपासनेला जायचा थांबला. फोनवर मी त्याला फार बोलले. बोलू नये ते बोलले. एका ख्रिस्ती आईला याहून मोठं अपयश नाही, असं तेव्हा वाटायचं. त्या दिवसांत मला मोनिकेचा आधार झाला. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली ही बाई. तिचा हुशार मुलगा ऑगस्टीन विश्वासापासून लांब गेला, वर तिला फसवून रात्रीच्या जहाजानं रोमला निघून गेला. ही मागोमाग समुद्र ओलांडून मिलानपर्यंत पोचली. तिच्या रडण्याला कंटाळून एका बिशपनं तिला सांगितलं होतं, जा बाई, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. इ. स. ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी, घराकडे परतायच्या वाटेवर, ती वारली. माझा मुलगा अजून परतलेला नाही. मी रागवायचं सोडलं आहे, मागायचं सोडलेलं नाही.

आणि पुण्यात बसून या विषयावर बोलायचं तर पंडिता रमाबाईंना वगळून चालणार नाही. त्यांना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. भल्या पहाटे, पाखरं जागी होत असताना, लेकीला लाडानं उठवून आई तिच्याकडून पाठ म्हणून घ्यायची. ही आई ख्रिस्ती नव्हती. पण तिची शिकवणच आयुष्यभराचा उजेड ठरली, असं रमाबाईंनी कृतज्ञतेनं लिहून ठेवलं. देवाचं बोलावणं आमच्या मंडळीच्या भिंतींपाशी थांबत नाही, हे मी त्यातून शिकले.

रमाबाईंची मुलगी मनोरमा १८८१ची. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा वडील गेले. पदरात एक लेक असलेल्या या विधवेनं १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्यात आणली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, टाकलेल्या मुली शोधून शोधून आणल्या. दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. स्वतःची मुलगी एक, आणि आई म्हणणाऱ्या शेकडो.

ज्या बहिणींना मूल नाही, ज्या त्या गुलाबाच्या रविवारी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगते आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या शेवटी प्रेषित पौल रूफ नावाच्या माणसाला सलाम पाठवतो आणि त्याच्या आईलाही, म्हणतो, ती माझीही आई आहे. या बाईचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. पण पौलासारख्या वणवण फिरणाऱ्या माणसाला कुणीतरी कधीतरी गरम जेवू घातलं होतं, आणि त्यानं ते पत्रात लिहिलं.

मनोरमाबाईंनी मुक्तीचं काम पुढे चालवायचं, असं रमाबाईंच्या मनात होतं. पण जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. म्हाताऱ्या आईनं तेही सोसलं, आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले. सांभाळायला दिलेलं परत द्यावं लागतं, कधी कधी फार लवकर.

आमच्या घरानंही ते पाहिलं. माझ्या पाठची बहीण पाच वर्षांची होऊन तापानं गेली. त्या आधीच्या नाताळला आईनं तिला गुलाबी पॉपलीनचा फ्रॉक शिवला होता, आणि चांगली दोन बोटं माया सोडली होती, पुढल्या नाताळला होईल म्हणून. तो पुढला नाताळ आला तेव्हा पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयात घंटा वाजत होत्या आणि आई आमचा हात धरून उभी होती. गीत सुरू झालं. तिनं म्हटलं नाही. दुसऱ्या कडव्याला म्हणायला लागली. फ्रॉक ट्रंकेत गेला.

वीसेक वर्षांनी माझी मुलगी पाच वर्षांची झाली. करंज्यांचं सारण परतून झालं होतं, घरभर खोबऱ्याचा वास होता. आईनं ट्रंक उघडली, चष्मा पुसला आणि ब्लेडच्या टोकानं त्या फ्रॉकची शिवण टाका टाका उसवली. मी म्हटलं, "आई, राहू दे ना." ती म्हणाली, "माया कशाला सोडलीय मग?"

धुऊन धुऊन फ्रॉक पार विटला होता. पण शिवण उलगडली तशी आतली दोन बोटं पट्टी बाहेर आली, दुकानातून आणल्या दिवसासारखी गुलाबी. आईनं ती तळहातानं सपाट केली, मुलीला समोर उभं केलं, आणि मला म्हणाली, "दोरा ओव." मी वचन म्हटलं आणि दोरा ओवला.