बॅटरी गेली तर किती लागतील?

श्रोतेहो, नमस्कार.

विजेच्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये ती किती धावते याचा असतो. दुसरा प्रश्न जरा आवाज उतरवून येतो: "बॅटरी गेली तर किती लागतील हो?" गाडी घ्यायची की नाही हे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

बॅटरीची किंमत किलोवॅट-तासाच्या हिशेबाने सांगतात. नाव जड आहे, पण हा किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. एक युनिट वीज साठवू शकेल एवढ्या बॅटरीला किती पैसे पडतात, हा मूळ आकडा. ब्लूमबर्ग-एनईएफ ही संस्था दरवर्षी त्याचं जागतिक सर्वेक्षण करते. 2010 मध्ये हा आकडा हजार डॉलरच्या वर होता. 2023 मध्ये तो 139 वर आला आणि 2024 मध्ये 115 वर. मध्ये 2022 साली लिथियमचा भाव भडकला, तेव्हा सर्वेक्षण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच किंमत चढली होती. एरवी उतारच.

आता हे रुपयांत मांडू. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीत साधारण 45 युनिटची बॅटरी असते. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 2024 च्या भावाने ती सुमारे 4 लाख 40 हजारांची झाली. 2010 चा भाव हजार डॉलरच धरला, तरी नुसत्या बॅटरीचे 38 लाख! त्या काळी विजेची गाडी ही हौशी श्रीमंतांची गोष्ट का होती, ते यावरून कळेल.

हा आकडा जागतिक सरासरीचा आहे आणि कारखान्याच्या दारातला आहे, हेही लक्षात ठेवा. त्याच वर्षी चीनमध्ये हा आकडा 94 डॉलर होता, तर युरोपात त्याच्या जवळजवळ दीडपट. तुम्ही सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलायला गेलात, तर आयातीचा खर्च, कर, मजुरी, विक्रेत्याचा नफा हे सगळं वर चढतं. त्यामुळे तिथलं कोटेशन यापेक्षा जास्त असणारच.

किंमत पडली कशी, यावरही चांगलं संशोधन झालं आहे. आपला सर्वसाधारण समज असा, की चीनने भरमसाट कारखाने काढले आणि माल स्वस्त झाला. अमेरिकेतल्या एमआयटीत जेसिका ट्रान्सिक आणि त्यांचे सहकारी मायका झिगलर यांनी जुने कागद, पेटंटं, किमतींच्या नोंदी चाळून 2021 मध्ये याचा हिशेब मांडला. सोनी कंपनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिथपासून किंमत तब्बल 97 टक्के उतरली. आणि त्या उताराचा निम्म्याहून अधिक वाटा संशोधनाचा निघाला, त्यातही मुख्यतः रसायनशास्त्र आणि मटेरियल सायन्सचा. मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचा वाटा आहेच, पण तो त्याच्यामागे.

म्हणजे नेमकं काय झालं? त्यासाठी बॅटरी ज्या छोट्या सेलची बनते, त्या सेलच्या आत डोकवावं लागेल. गोल सेल कापून पाहिला, तर आत सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी दिसते. तांब्याचा केसाहून पातळ पत्रा, त्यावर ग्राफाइटचा काळा लेप. अॅल्युमिनियमचा तसाच पत्रा, त्यावर दुसरा काळा लेप. दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. लिथियमचे आयन या लेपातून त्या लेपात जा-ये करतात, एवढंच बॅटरीचं काम. पैसा जातो तो मुख्यतः अॅल्युमिनियमवरच्या लेपात, कारण त्यात वर्षानुवर्षं निकेल आणि कोबाल्ट असायचं. जगातलं बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोतून येतं. भाव आणि पुरवठा, दोन्ही बेभरवशाचे.

1997 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. पहिलं नाव अक्षय पाधी, दुसरं नंजुंडस्वामी, तिसरं गुडइनफ. पहिली दोन्ही नावं आपल्याकडची. त्यांनी सुचवलेला पदार्थ होता लिथियम आयर्न फॉस्फेट. त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. लोखंड आणि फॉस्फरस, म्हणजे सहज मिळणारा माल. उणीव अशी, की त्यातून वीज फार मंद वाहते, म्हणून निबंधात त्यांनी तो कमी शक्तीच्या बॅटऱ्यांसाठीच सुचवला होता. पुढे इतरांनी त्या कणांवर कार्बनचा पातळ थर चढवला आणि तो अडसर दूर झाला. आज चाकणच्या कारखान्यात महिंद्राच्या विजेच्या एसयूव्ही तयार होतात, त्यांत याच जातीचे सेल आहेत. गुडइनफ यांना 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, नोबेल मिळालं.

या आयर्न फॉस्फेट बॅटरीची एक खोड मात्र जाणून घ्या. ती भरलेली असो वा अर्धी रिकामी, तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे आत किती शिल्लक आहे, हे गाडीच्या संगणकाला अंदाजानेच ठरवावं लागतं आणि तो अंदाज हळूहळू चुकत जातो. पडद्यावर 20 टक्के दिसतात आणि पुढच्या चढावर एकदम 12 होतात. बॅटरी खराब झाली असं वाटून माणसं घाबरतात. अधूनमधून पूर्ण 100 टक्के चार्ज केलं की संगणकाचा हिशेब जुळतो. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती पुस्तिका वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

आता बॅटरी किती वर्षं टिकते? प्रयोगशाळेत सेल एका ठरावीक गतीने रिकामा करतात, भरतात, पुन्हा रिकामा करतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना शंका आली, की रस्त्यावर असं कोण चालवतं? त्यांनी 92 सेल घेतले आणि दोन वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या पद्धतींनी वापरले. काहींना खऱ्या गाडीसारखं चालवलं: मध्येच जोर, मध्येच ब्रेक, मध्येच विश्रांती. 2024 च्या शेवटी निष्कर्ष आला, की असे सेल ठरावीक गतीने वापरलेल्या सेलपेक्षा 38 टक्क्यांपर्यंत जास्त टिकले. पुण्यातल्या सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला दुवा द्यायला मिळालेलं हे बहुधा एकमेव कारण.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. निसानची लीफ ही गाडी 2010 च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीला वेगळी कूलिंग यंत्रणा नव्हती. अमेरिकेत फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात दोन वर्षांच्या आत रेंज घटल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना फिनिक्सपेक्षा काही फार सौम्य नसतो. विदर्भातल्या श्रोत्यांनी शोरूममध्ये सनरूफच्या आधी बॅटरीच्या लिक्विड कूलिंगची चौकशी करावी. आणि बॅटरी पूर्ण भरून गाडी दिवसभर उन्हात उभी करू नये. पूर्ण भरायची असेल, तर निघायच्या आधी भरावी.

हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला छोटी बॅटरी असलेल्या गाडीचं, गणित यापेक्षा अगदी वेगळं आहे. मारुतीच्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी आहे 0.76 युनिटची. एक युनिटसुद्धा नाही! 45 युनिटच्या एका बॅटरीच्या मालात अशा 59 गाड्या निघतील. टोयोटाचा युक्तिवाद हाच आहे. त्यांचं म्हणणं, लांब पल्ल्याच्या एका विजेच्या गाडीला लागणाऱ्या मालात 90 हायब्रिड होतात, मग माल तुटपुंजा असताना तो 90 गाड्यांत का वाटू नये? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण मला तो पुरता पटत नाही. हायब्रिडचा प्रत्येक किलोमीटर शेवटी पेट्रोलवरच निघतो. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती परत मिळवते, हे मोठंच कौशल्य, पण चाकणात बनली काय किंवा जपानात, तिला पंपावर जावंच लागतं. शिवाय स्वस्त झालेल्या बॅटरीचा फायदा तिला जवळजवळ मिळतच नाही, कारण तिच्यात बॅटरी आहेच किती? त्यातच आपल्याकडे विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के, तर चार मीटरहून लांब हायब्रिडवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के.

आता तुमच्या खिशाचा हिशेब. घरी चार्जिंग धरलं तर किलोमीटरला साधारण 2 रुपये. 15 चं अॅव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला 7, आणि हायब्रिडने प्रत्यक्षात 20 दिलं तर सव्वापाच. महिन्याला 1,500 किलोमीटर धावणाऱ्याचे विजेवर महिन्याला 7,500 वाचतात, पाच वर्षांत साडेचार लाख. म्हणजे मघाशी सांगितलेली पूर्ण बॅटरी सुटली. महिन्याला 300 किलोमीटरच फिरणाऱ्याचे पाच वर्षांत 90 हजार वाचतील. त्याने आणखी थांबलं तरी काही बिघडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटर मिळत नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल, तर तिथला दर घरच्या दुप्पटही असतो. मग हे आकडे पुन्हा मांडायला लागतील.

थांबणाऱ्यांसाठी एक बातमी पुण्यातलीच. केपीआयटी कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेच्या संशोधकांबरोबर सोडियम-आयन बॅटरी विकसित केली आणि डिसेंबर 2023 मध्ये ती जाहीर केली. सोडियम म्हणजे मिठातला. लिथियमसारखी त्याची खाण शोधत चिलीला जावं लागत नाही. वजनाच्या मानाने ती ऊर्जा कमी साठवते, म्हणून आधी दुचाकी-तिचाकीला आणि घरच्या साठवणुकीला सोयीची.

आणि जुनी विजेची गाडी घेणार असाल, तर वॉरंटी नीट पाहा. आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर ही नेहमीची मुदत. काही कंपन्या आजन्म वॉरंटी देतात, पण ती पहिल्या मालकाला. तुम्ही दुसरे मालक असाल तर किती उरते, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या.

नमस्कार.