टाक्यांतून उमटलेला निषेध : पासिता आबाद

फिलिपिन्सच्या चित्रकार पासिता आबाद यांचे हे चित्र सुमारे पाच मीटर उंच आहे. लांबून पाहिले तर एखाद्या जत्रेतला भव्य पडदा वाटावा इतके ते झगमगते. जवळ गेल्यावर कळते की मधोमध एक राक्षस उभा आहे आणि त्याच्या भोवती लहान लहान मुखवट्यांची दाटी झाली आहे. हा राक्षस म्हणजे फिलिपिन्सचे हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस, आणि मुखवटे म्हणजे त्यांचे बगलबच्चे. पासिता आबाद यांनी १९८५ मध्ये हे चित्र हाती घेतले, तेव्हा मार्कोस सत्तेवर होते; १९९५ मध्ये ते पूर्ण झाले, तेव्हा मार्कोस यांना पदच्युत होऊन नऊ वर्षे उलटली होती.

राक्षसाचे रूप त्यांनी श्रीलंकेतून घेतले. तेथील सन्नी विधीत अठरा आजारांचे अठरा मुखवटे असतात, आणि रोग्याच्या अंगातली पीडा बाहेर काढण्यासाठी ते घालून नाचतात. आजाराला आधी चेहरा द्यायचा आणि मग त्याला हाकलायचे, ही त्यामागची कल्पना. हुकूमशहाचे चित्र काढण्यासाठी याहून नेमकी चौकट सापडणे अवघड होते.

मार्कोस यांच्याशी आबाद घराण्याचे वैर जुने होते. पासिता यांचा जन्म १९४६ मध्ये बातानेसमधल्या बास्को येथे झाला. फिलिपिन्सचे लूझॉन बेट आणि तैवान यांच्यामधल्या समुद्रात विखुरलेला बातानेस हा बेटांचा छोटासा प्रांत म्हणजे देशाचे उत्तरेकडचे टोक. वडील तेथून संसदेवर निवडून जात; आईनेही पुढे ती जागा लढवून जिंकली. मुलगी फिलिपिन्स विद्यापीठात राज्यशास्त्र शिकली आणि तिने वकील व्हावे, हे जवळजवळ ठरलेलेच होते. १९६९ च्या निवडणुकीत बातानेसमध्ये सशस्त्र टोळ्यांनी दहशत माजवली, तेव्हा पासिता यांनी मनिलामध्ये विद्यार्थ्यांना संघटित करून निदर्शने केली. त्यानंतर त्यांच्या मनिलातील घरावर गोळीबार झाला, आणि घाबरलेल्या आईवडिलांनी कायद्याचे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांना स्पेनला धाडण्याचा निर्णय घेतला.

त्या स्पेनला पोचल्याच नाहीत. वाटेत सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या आणि तिथेच राहिल्या. पोटासाठी शिवणकाम केले, आशियाच्या इतिहासाचा अभ्यास केला. पुढे जोडीदार जॅक गॅरिटी यांच्याबरोबर त्यांनी तुर्कस्तानपासून फिलिपिन्सपर्यंत जमिनीच्या वाटेने प्रवास केला, आणि परतल्यावर कायद्याचा नाद सोडून वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे चित्रकलेचे धडे गिरवले. वयाच्या तिशीत सुरू झालेले हे शिक्षण उशिराचे खरे, पण तोवर पाहिलेले जग शिदोरीला होते.

जोडीदाराच्या कामानिमित्त त्या बांगलादेश, सुदान, थायलंड अशा देशांत राहिल्या. १९७९ च्या सुमारास थायलंडच्या सीमेवर कंबोडियन निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे जाऊन त्यांनी माणसे जवळून पाहिली आणि रंगवली. चित्राच्या मध्यभागी कोणाला बसवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुरता बहुधा त्या छावण्यांतच सुटला असावा.

ज्या तंत्रामुळे त्यांचे नाव झाले, ते ट्रापुन्तो तंत्र त्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी बॉस्टनमध्ये घडवले. आधी कॅनव्हास रंगवायचा, मग त्याखाली दुसरे कापड लावून, मध्ये भराव घालून हाताने धावदोरा घालायचा, आणि वरून गुंड्या, शिंपले, आरसे, जर असे काय काय टाचत जायचे. गोधडी शिवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. कलासमीक्षकांपैकी काहींनी मात्र याला नुसती सजावट म्हणून बाजूला सारले, आणि मला तर यात शिवणकामाविषयीचा जुनाच तुच्छभाव दिसतो. चौकट नसल्यामुळे ही चित्रे घडी घालून कुठेही नेता येत, ही सोय देशोदेशी बिऱ्हाड हलवणाऱ्या बाईला किती मोलाची असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९८४ मध्ये त्यांना फिलिपिन्समधला एक मानाचा पुरस्कार मिळाला, ज्याच्या नावातच 'दहा उल्लेखनीय तरुण पुरुष' असे शब्द होते. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, त्यामुळे कुरबूर झाली. आपल्या देशात कर्तबगार बायका कितीतरी आहेत, हा सन्मान खरे तर फार आधीच यायला हवा होता, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

१९९० च्या दशकात स्थलांतरितांवरची त्यांची चित्रमालिका आली. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांच्या संग्रहालयात प्रामुख्याने युरोपातून आलेल्यांच्याच कहाण्या त्यांना दिसल्या. मग १९९२ मध्ये 'एल.ए. लिबर्टी' या चित्रात त्यांनी स्वातंत्र्यदेवतेलाच सावळा वर्ण दिला आणि तिच्या अंगावर रंगीबेरंगी तुकड्यांचा झगा चढवला. क्यूबातील ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक तळावर ताटकळणारे हैतीचे लोक आणि कोरियन दुकानदारही या मालिकेत आहेत.

सिंगापूरमध्ये कर्करोगावरील उपचार चालू असतानाच त्यांनी अल्काफ पूल ५५ रंगांत आणि २,३५० वर्तुळांत रंगवून काढला. २००४ च्या आरंभी तो खुला झाला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यांना बातानेसमध्ये दफन करण्यात आले.

अमेरिकेत त्यांच्या कामाचे पहिले मोठे सिंहावलोकन २०२३ मध्ये मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने मांडले. तिथे काही चित्रे भिंतीपासून दूर, छतावरून टांगली होती, त्यामुळे प्रेक्षकाला मागे जाऊन उभे राहता येई. मागच्या बाजूला रंगांची झगमग नव्हती. साध्या कापडावर हाताने घातलेले शेकडो टाके तेवढे दिसत होते.