थंडीचा अंदाज आणि पूर्वेचं वारं

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्याकडे येतात. ती मूर्तीपर्यंत पोचणार की नाही, हे पश्चिमेच्या आभाळावर ठरतं. क्षितिजावर ढगांची पट्टी आली, हवेत बाष्प किंवा धूळ वाढली, की किरणं वाटेतच मंदावतात. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची हवा इतकी नाजूक असते.

ऑक्टोबरच्या मध्याला मोसमी पाऊस राज्यातून परततो आणि वारं फिरतं. ईशान्येकडून कोरडं वारं आलं की रात्री आभाळ निरभ्र राहतं, दिवसभर तापलेली जमीन झटपट निवते, पहाटे पंचगंगेकाठी धुकं धरतं. डिसेंबरात आपल्याकडं किमान तापमान १५ अंशांच्या आसपास येतं, ते या वाऱ्यामुळं. पण बंगालच्या उपसागरात किंवा तमिळनाडूजवळ कमी दाबाचं क्षेत्र झालं, की पूर्वेकडून दमट वारं येतं. मग ढगांचं पांघरूण पडतं, रात्री उकडतं, आणि कधी पाऊसही येतो. अरबी समुद्रही या दिवसांत शांत असतोच असं नाही. २००९ साली ११ नोव्हेंबरलाच फयान चक्रीवादळ आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर आलं होतं.

हा पाऊस किती नडतो, ते गुऱ्हाळावर जाऊन बघावं. अंगणात चिपाडं, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, वाळत टाकलेली असतात, चुलवाणाला जळण तेच. एक सर आली की चिपाड भिजतं, जाळ धरत नाही, नुसता धूर होतो. रस उकळायची मोठी कढई, म्हणजे काईल, तापायला वेळ लागतो, रस आचेवर रेंगाळतो आणि गूळ काळपट पडतो. ज्या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा पिवळाधमक रंग एका सरीत जातो. तिकडं उसाच्या रानात ट्रॅक्टर रुततो, वापसा येईपर्यंत, म्हणजे ओल हटून रान कामाजोगं होईपर्यंत, तोड थांबते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की उसात साखर भरते, कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चढतो. ढगाळ, दमट हवेत ते होत नाही. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि हरभऱ्यावर कीडही अशाच दिवसांत वाढते.

म्हणून सगळेच विचारतात, यंदा थंडी कशी? हवामान खातं महिन्याचा आणि हंगामाचा अंदाज देतं. पण तो शक्यतेचा असतो. किमान तापमान सरासरीपेक्षा कमी राहील, सरासरीइतकं राहील की जास्त, या तिन्हींपैकी पारडं कुठं झुकतंय एवढंच तो सांगतो. १५ डिसेंबरला थंडी पडेल की पाऊस, हे त्यात शोधू नये. शिवाय हवामान खात्याचा ‘मध्य महाराष्ट्र’ हा विभाग नंदुरबार-जळगावपासून आपल्या कोल्हापूरपर्यंत पसरलाय. थंडीच्या लाटेची बातमी बहुतेक वेळा निफाड-जळगावकडची असते. मैदानी भागात पारा १० अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरला, तर लाट म्हणतात. आपल्याकडं असं क्वचित होतं, आणि ती बातमी ऐकून इथं कुणी पाण्याच्या पाळ्या बदलू नयेत.

ला निना आणि एल निनो ही नावंही कानावर येतात. प्रशांत महासागराचं पाणी थंड झालं की ला निना, तापलं की एल निनो. ला निनात उत्तर भारतात गारठा वाढण्याकडं कल असतो. एल निनोत दक्षिणेकडचा ईशान्य मोसमी पाऊस बहुधा जोर धरतो. आपण उत्तर आणि दक्षिण या दोन्हींच्या मधे. माझं मत विचाराल, तर आपल्या जिल्ह्यानं ला निनापेक्षा पूर्वेच्या वाऱ्याकडं जास्त लक्ष द्यावं.

त्यासाठी हवामान खात्याचा दर गुरुवारी येणारा दोन आठवड्यांचा अंदाज हाताशी ठेवा. उपसागरात काही शिजत असेल, तर त्याची चाहूल त्यात लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला निघतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो. पूर्वेचं वारं आणि ढग दिसले, तर वाळलेलं चिपाड आधी छपराखाली घ्या, शाळूला त्या आठवड्यात पाणी देऊ नका, आणि फवारणी दोन दिवस थांबवा. फवारलेलं औषध पावसानं धुऊन गेलं, तर खर्च दुप्पट होतो.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.