नावेचं नाव

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या वर्षी माझ्या एका मित्राने शिडाची होडी घेतली. होडी जुनी, पण अंगाने भक्कम. तिची पिछाडी खरवडून, घासून, पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन झाले आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "इतकी वर्षं लॅटिन लॅटिन करतोस ना? मग एक नाव दे. फळी कोरी ठेवलीय."

मी त्याला म्हटलं, आपल्या मराठीत या कामाची सुरुवात आधीच झालेली आहे. पाण्यावर चालते ती नाव आणि तिला ठेवतो ते नाव. पूर्वी दुसऱ्या शब्दावर अनुस्वार द्यायचे, 'नांव' असं लिहायचे. आता दोन्ही शब्द सारखेच दिसतात आणि फरक उरतो तो लिंगाचा. लॅटिनमध्ये होडीला 'नाविस' म्हणतात, ती स्त्रीलिंगी. नामाला 'नोमेन' म्हणतात, ते नपुंसकलिंगी. संस्कृतात 'नौ' स्त्रीलिंगी आणि 'नामन्' नपुंसकलिंगी. एका जुन्या घराच्या या लेकी किती दूर दूर नांदल्या, तरी ती नाव ती राहिली आणि ते नाव ते राहिलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

मित्राने स्वतःही एक नाव शोधून ठेवलं होतं. त्याला हवं होतं 'समुद्राचा वारा'. शब्दकोशात वारा म्हणजे 'वेंतुस', समुद्र म्हणजे 'मारे'. त्याने दोन्ही शेजारी मांडले: वेंतुस मारे. ही चूक फार जण करतात आणि ती रंगवून झाल्यावर कळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लॅटिन ही संस्कृतासारखी विभक्तींची भाषा आहे. शब्दकोशात मिळते ती प्रथमा. 'समुद्राचा' म्हणायचं तर षष्ठी हवी, 'मारिस'. 'वेंतुस मारिस' म्हटलं की समुद्राचा वारा झाला. 'वेंतुस मारे' म्हणजे नुसतं 'वारा समुद्र'. आपल्याकडे कुणी पाटीवर 'घर आजोबा' लिहिलं तर वाचणारा जसा थबकेल, तसा लॅटिन जाणणारा माणूस त्या होडीपाशी थबकेल.

दुसरी गोष्ट विशेषणाची. नाविस स्त्रीलिंगी, त्यामुळे तिचं विशेषणही स्त्रीलिंगी. रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्यात, पाचव्या सर्गात, चार गलबतांची शर्यत आहे. त्यातल्या एकाचं नाव सेंतौरुस, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा. शब्द पुल्लिंगी, प्राणीही दांडगा नर. पण कवी त्याला विशेषण लावतो ते 'माग्ना', मोठी. का? तर मनात 'नाविस' आहे. आधी ती नाव आहे, सेंतौरुस मागून. ज्यांना या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी लॅटिनने सोयही करून ठेवली आहे. 'फेलिक्स' म्हणजे भाग्यवान, 'औदाक्स' म्हणजे धाडसी, 'वेलोक्स' म्हणजे वेगवान. प्रथमेच्या एकवचनात ही विशेषणं तिन्ही लिंगांत तीच राहतात. तुमची होडी खरोखर वेगवान असेल तर 'वेलोक्स' ठेवा. नसेल तर ठेवू नका, बंदरातले लोक रोज बघत असतात.

एका अक्षराने काय होतं त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण असंख्य होड्यांवर लिहिलेलं आहे: 'स्तेल्ला मारिस', समुद्राचा तारा. हे मेरी मातेचं बिरुद. अनेक अभ्यासकांच्या मते बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने मेरीच्या हिब्रू नावाचा अर्थ सांगताना 'स्तिल्ला मारिस' लिहिलं होतं, म्हणजे समुद्राचा थेंब. नक्कल करणाऱ्याच्या हातून 'स्ति'चं 'स्ते' झालं आणि थेंबाचा तारा झाला. पुढे शतकानुशतकं खलाशांनी त्या ताऱ्याकडे बघून हात जोडले. मला त्यातला थेंबही तितकाच आवडतो.

रोमन स्वतः काय नावं ठेवत? नेपल्सच्या उपसागरापाशी मिसेनुम इथे त्यांच्या आरमाराचा मोठा तळ होता. तिथल्या नाविकांच्या थडग्यांवर माणूस कुठल्या नावेवर होता ते कोरलेलं असे, म्हणून ती नावं आपल्यापर्यंत पोचली. फिदेस म्हणजे निष्ठा. कोंकोर्दिया म्हणजे एकोपा. विक्तोरिया, मिनेर्वा, नेपतुनुस. आणि ओप्स, सुबत्तेची देवता. देव, नद्या आणि सद्गुण, साधे एकेका शब्दाचे. पुढे आगबोटींच्या काळात लुसितानिया, मौरेतानिया, अक्वितानिया अशी रोमन प्रांतांची नावं प्रवासी जहाजांना दिली गेली. प्रचंड जहाजांना ती शोभली. तीस फुटी होडीला एखाद्या प्रांताचं नाव मला जड वाटतं.

त्यापेक्षा आकाशात बघा. जुन्या खगोलशास्त्रात 'आर्गो नाविस' नावाचं प्रचंड तारकामंडल होतं, आकाशातली नाव. अठराव्या शतकात लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तिचे भाग वेगळे केले: 'कारिना' म्हणजे तळाचा कणा, 'पुप्पिस' म्हणजे पिछाडी, 'वेला' म्हणजे शिडं. कारिनातला सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे आपला अगस्त्य. ज्याने समुद्र प्राशन केला असं आपण म्हणतो तो ऋषी तिकडे नावेच्या कण्यावर बसलेला आहे. कारिना हे नाव मी मित्राला सुचवलं. त्याला पसंत पडलं, वहिनींना नाही. त्यांच्या ओळखीत या नावाच्या दोघी होत्या.

मग गाडी ब्रीदवाक्यांवर आली. पॅरिस शहराच्या चिन्हावर नाव आहे आणि खाली 'फ्लुक्तुआत नेक मेर्गितुर', लाटांवर हेलकावते पण बुडत नाही. १८५३ मध्ये ते शहराचं अधिकृत ब्रीद झालं. वाक्य अप्रतिम, पण होडीवर लिहायला फार लांब. शॅकल्टन या ध्रुवप्रदेशाच्या शोधकाने काय केलं बघा. त्याच्या घराण्याचं ब्रीद होतं 'फोर्तितुदिने विंकिमुस', म्हणजे चिकाटीने आम्ही जिंकतो. अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी त्याने जहाज घेतलं, त्यावर हे वाक्य लिहिलं नाही. त्यातली चिकाटी तेवढी इंग्रजीत उचलली आणि जहाजाचं नाव ठेवलं 'एन्ड्युरन्स'. त्या जहाजाचं आधीचं नाव मात्र लॅटिन होतं, 'पोलारिस', ध्रुवतारा. १९१५ मध्ये वेडेल समुद्रातल्या बर्फाने ते चिरडलं आणि बुडवलं. २०२२ मध्ये सुमारे ३००० मीटर खोलीवर ते सापडलं. त्याचं छायाचित्र मी कितीदा तरी पाहिलं आहे. काळोखातली पिछाडी, तिच्यावर कमानीत ENDURANCE ही अक्षरं, एकूण एक शाबूत, आणि त्यांच्या खाली जुन्या नावाची खूण, पाच टोकांचा तारा. नाव बदललं, पण तारा कुणी काढला नव्हता.

होडीचं नाव डोळ्यांपेक्षा कानांसाठी असतं, हेही मी मित्राला बजावलं. सिसेरो या रोमन वक्त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. रोमन सेनापती क्रास्सुस पूर्वेकडच्या पार्थिया राज्यावर स्वारीला निघाला होता. ब्रुंदिसियुमच्या बंदरात सैन्य नावांवर चढत होतं आणि धक्क्यावर एक जण कौनुस गावचे अंजीर विकत ओरडत होता, "कौनेआस! कौनेआस!" तेच शब्द भरभर म्हटले तर कानावर पडतं 'कावे ने एआस', म्हणजे 'सांभाळ, जाऊ नकोस'. क्रास्सुस गेला आणि इसवीसनपूर्व ५३ मध्ये काराय इथे मारला गेला. असल्या शकुनांवर सिसेरोचा विश्वास नव्हता, माझाही नाही. पण वाऱ्यात, गलबल्यात, घाईत शब्दाचं काय होतं ते यात नेमकं दिसतं.

संकटात सापडलेला माणूस व्हीएचएफ रेडिओवर तीनदा 'मेडे' म्हणतो आणि लगेच तीनदा आपल्या होडीचं नाव सांगतो. खरखर चालू असते, समोरचा दुसऱ्याच भाषेचा असू शकतो. अशा वेळी 'काय्लुम', आकाश, हा शब्द घ्या. जुन्या रोमन उच्चारात काय्लुम, चर्चमधल्या लॅटिनमध्ये चेलुम, इंग्रज म्हणणार सीलम. एकाच होडीच्या तीन होड्या झाल्या. म्हणून माझा आग्रह असतो: दोन किंवा तीन अवयवांचा, म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांचा, शब्द घ्या, कुणीही वाचला तरी ओळखू येईल असा.

त्या रात्री वहिनींनी विचारलं, "भावोजी, ही आमची दुसरी होडी. दुसरीला काय म्हणतात?"

सेकुंदा. हा शब्द तोंडातून निघाला आणि मीच थांबलो. 'सेक्वोर' म्हणजे मागोमाग येणं. त्यावरून 'सेकुंदुस', मागून येणारा, म्हणून दुसरा. पण नावाड्याच्या मागून येणारा वारा शीड भरतो, म्हणून 'वेंतुस सेकुंदुस' म्हणजे अनुकूल वारा. त्यावरून 'सेकुंदा'चा अर्थ अनुकूल, सुदैवी असाही झाला. स्त्रीलिंगी, तीन अवयवांची आणि शब्दशः खरी.

"दुसरी म्हटलं की कमीपणा नाही ना वाटत?" त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला.

रविवारी आम्ही फळीवर दोरी ताणून खडूने रेघा आखल्या. सात अक्षरं, त्यामुळे चौथं बरोबर मध्ये, सुकाणूच्या वर. मित्राला तिथे रोमनांसारखा V हवा होता, कारण त्यांच्याकडे U वेगळा नव्हताच आणि V चं टोक थेट सुकाणूवर आलं असतं. दिसायला ते फार छान दिसलं असतं. पण वाचणारा 'सेकव्हंडा' म्हणाला असता. खडू पुसून आम्ही U काढला. निळ्या रंगाचा पहिला हात द्यायला दुपार गेली.

पहिल्या फेरीला निघताना मित्राने रेडिओवर बंदराला हाक दिली आणि होडीचं नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने ते परत उच्चारलं. त्याचा 'द' थोडा 'ड'कडे झुकला, पण अक्षर एकही गळलं नाही. त्याने विचारलं, कुठे निघालात? वहिनींनी माईक आपल्या हातात घेतला आणि उत्तर दिलं.

नमस्कार.